बंद घड्याळाचे दागिने : भंगाराचा भाव की हुन्नराची मजुरी?

माळशिरस, अकलूज, नातेपुते, वेळापूर, कोणत्याही बाजारपेठेत घड्याळ दुरुस्तीच्या दुकानाची आज काय अवस्था आहे, हे वेगळे सांगायला नको. काचेची पेटी, डोळ्याला लावायचे भिंग, चिमटे, आणि मागच्या खणांमध्ये भरून ठेवलेली बंद घड्याळे. गिऱ्हाईक येते ते सेल बदलायला, नाहीतर पट्टा टाकायला. वेळ मोबाईलवर कळते आणि स्वस्त घड्याळ बिघडले की लोक दुरुस्त न करता टाकून देतात. बापाने तीस-चाळीस वर्षे भिंग लावून डोळे झिजवले, पोरगा मात्र मोबाईलच्या दुकानात बसतो. शेवटी एक दिवस खणातला सगळा माल भंगारवाल्याच्या तराजूत पडतो आणि पितळ-लोखंडाच्या भावाने विकला जातो.

आमचे म्हणणे असे, की हा माल तराजूत टाकण्याआधी आपल्या घड्याळजी बांधवांनी थोडा विचार करावा. जुन्या घड्याळाच्या चक्रांपासून, डायलपासून दागिने बनवण्याचा एक धंदा जगात चालतो. तो आपल्याकडेही होऊ शकतो. मात्र तो कोणी करायचा, आणि कोणत्या शर्तींवर, हे आधी ठरले पाहिजे. शर्ती पाळल्या नाहीत तर चार पैसे मिळतील, पण बाजारातला आपला शब्द जाईल.

खणात काय पडले आहे?

१९६१ साली एच.एम.टी.ने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगलोरला मनगटी घड्याळे बनवायला सुरुवात केली. जनता, पायलट, कोहिनूर, सोना, कांचन ही नावे आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी होती. लग्नात जावयाला, नोकरी लागली की मुलाला एच.एम.टी. दिले जाई. १९८७ पासून टायटनची सेलवर चालणारी क्वार्ट्झ घड्याळे बाजारात आली आणि चावीच्या घड्याळांचे दिवस फिरले. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एच.एम.टी. वॉचेस ही कंपनी बंद करण्यास मंजुरी दिली.

दागिन्यासाठी मोल आहे ते याच चावीच्या घड्याळांना. त्यांच्या पोटात पितळेची दातेरी चक्रे, घासून चमकवलेले पोलादी भाग, केसासारखी बारीक हेअरस्प्रिंग आणि लाल खडे असतात. ‘१७ ज्वेल्स’ म्हणतात ते हेच खडे. ती कारखान्यात बनवलेली माणके असतात. चक्राची दांडी झिजू नये म्हणून बसवलेली. खडा म्हणून त्यांची किंमत फारशी नाही, पण पितळी पट्टीवर त्यांचा लाल ठिपका उठून दिसतो. स्वस्त क्वार्ट्झ घड्याळात बहुधा प्लास्टिकची चक्रे असतात. ती या कामाची नाहीत.

हा धंदा नवा नाही. अठराव्या शतकातल्या इंग्रजी खिशातल्या घड्याळांत बॅलन्सचे चक्र धरून ठेवणारी एक पितळी पट्टी असे. तिच्यावर हाताने कोरलेली जाळीदार नक्षी असे आणि सोन्याचा मुलामा. पुढे ही घड्याळे जुनी झाली, लोकांनी सोन्या-चांदीची केस वितळवायला विकली आणि आतले यंत्र फेकले. तेव्हा तिथल्या जवाहिऱ्यांनी या नक्षीदार पट्ट्या वेचून त्यांचे हार आणि ब्रोच बनवले. आजही जुन्या वस्तूंच्या बाजारात ते विकले जातात. पण त्या नादात कितीतरी चांगली घड्याळे मोडली गेली, याची हळहळ घड्याळांचे जाणकार अजून व्यक्त करतात. या उदाहरणात आपल्यासाठी कमाईचा धडा आहे आणि इशाराही आहे.

हे काम कोणाचे?

मोठ्या शहरांत हौशी मंडळी चक्रे विकत घेऊन, ती गोंदाने चिकटवून कानातले बनवतात. चार महिन्यांत गोंद पिवळा पडतो, चक्र निखळते. घड्याळजीला हे कळते तसे दुसऱ्या कोणाला कळणार नाही. कोणता भाग पितळेचा, कोणता पोलादाचा, कोणत्या छिद्रातून स्क्रू घेता येईल, मेनस्प्रिंगचा ताण सोडल्याशिवाय यंत्र उघडले तर काय होते, हे त्याच्या बोटांना ठाऊक आहे. म्हणून त्याने चक्रांची पुडी बांधून दुसऱ्याला विकू नये. दागिना त्याने स्वतः घडवावा.

एकट्याने मात्र हे निभणार नाही. आपल्या समाजात या कामाला लागणारे हात पूर्वीपासून आहेत. धातूला पाणी आणि चकाकी देणे हा शिकलगारांचा पिढीजात हुन्नर. बायकांना काय आवडते, कोणत्या जत्रेत काय खपते, हे मणियाराला सांगावे लागत नाही. कडी, आकडा आणि झाळकाम यांसाठी गावातला सोनार आहेच, तो कोणत्याही समाजाचा असो. धुणे, पुसणे, जोडणे, डबीत भरणे हे काम घरच्या भगिनी घरी बसून करू शकतात. कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरी हे गाव चांदीच्या पैंजणांसाठी नावाजले ते घरोघरच्या कारागिरीमुळेच. दागिन्याचा धंदा मोठ्या शहरातच होतो, हा समज हुपरीने कधीच खोटा ठरवला आहे.

यंत्राचा हुन्नर मुस्लिमांना परका नाही. अल-जझरी यांनी १२०६ साली पूर्ण केलेल्या आपल्या ग्रंथात पाण्यावर चालणाऱ्या घड्याळांची रचना आकृत्यांसह दिली आहे. हजरत दाऊद (अलै.) यांच्यासाठी अल्लाहने लोखंड मऊ केले आणि त्यांना चिलखत बनवण्याची कला शिकवली, हे कुरआनात आले आहे. हाताच्या कामात कमीपणा मानणाऱ्या तरुणांनी हे ध्यानात घ्यावे.

पहिली शर्त : चालू होईल ते मोडू नये

जे घड्याळ साफसफाई करून, एखादा भाग बदलून चालू होते, ते दागिन्यासाठी मोडणे ही उधळपट्टी आहे. कंपनी बंद झाल्यापासून जुन्या एच.एम.टी.ला शौकीन मंडळी शोधत असतात. चालू स्थितीतले पायलट किंवा कांचन मोडून दोन लॉकेट करणे हा व्यवहाराच्या दृष्टीनेही तोटा आहे. आधी दुरुस्ती; ती शक्य नसेल तर त्याचे सुटे भाग दुसऱ्या घड्याळासाठी राखून ठेवणे; आणि गंजलेले, तुटलेले, कशाच्याही उपयोगाचे नाही ते दागिन्याला. हा क्रम सोडू नये.

दुसरी शर्त : अमानत

ही सर्वांत नाजूक बाब आहे. दुकानाच्या खणात पडलेली सगळी घड्याळे दुकानदाराची नसतात. दुरुस्तीला टाकून गेलेले आणि परत न आलेले गिऱ्हाईक प्रत्येक दुकानात असते. कोणी गाव सोडले, कोणाचा इंतकाल झाला, कोणी विसरले. दहा वर्षे पडून आहे म्हणून ते घड्याळ आपले होत नाही. ती अमानत आहे.

देशाचा कायदाही जवळपास तेच सांगतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १७० प्रमाणे, ज्याने वस्तूवर मेहनत केली त्याला मजुरी मिळेपर्यंत ती अडवून ठेवण्याचा हक्क आहे. ती विकण्याचा किंवा मोडण्याचा हक्क हे कलम देत नाही.

मग करावे काय? वही काढावी. चिठ्ठीवरचे नाव, गाव, तारीख उतरवून घ्यावी. फोन असेल तर फोन करावा, नसेल तर बाजारच्या दिवशी त्या गावच्या माणसाजवळ निरोप द्यावा. मालक किंवा वारस भेटला तर घड्याळ परत करावे, अथवा राजीखुशीने विकत घेऊन तसे लिहून घ्यावे. खूप शोधूनही कोणी सापडले नाही, तर मालकाच्या वतीने सदका करण्याचा मार्ग उलेमांनी सांगितला आहे. तेव्हा मुफ्तीसाहेबांना विचारून पाऊल टाकावे. पुढे येणाऱ्या कामासाठी पावतीवरच मुदत छापून गिऱ्हाइकाची सही घेतली, तर हा घोळ राहणार नाही.

तिसरी शर्त : जे आहे तेच सांगावे

जुन्या घड्याळांच्या बाजारात एक वाईट प्रथा पडली आहे. चार घड्याळांचे भाग एकत्र करायचे, डायल नव्याने रंगवायची आणि ‘अस्सल जुने’ म्हणून परदेशी शौकिनाला पाठवायचे. जगभरच्या जाणकारांत अशा मालाला ‘मुंबई स्पेशल’ असे कुत्सित नाव पडले आहे. त्यामुळे इकडून जाणाऱ्या प्रामाणिक मालाकडेही संशयाने पाहिले जाते. चार-दोघांच्या लबाडीची किंमत सगळा धंदा मोजतो.

दागिन्यात हेच होण्याचा धोका आहे. सोन्याच्या मुलाम्याला सोने म्हणणे, कारखान्यातल्या माणकाला खाणीतले माणिक म्हणणे, बाजारात नव्याने छापून मिळणाऱ्या पितळी चक्राला ‘स्विस घड्याळातले’ म्हणणे, हे सगळे फसवणुकीत येते. धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओला माल बाहेर दाखवणाऱ्या आपल्या प्रेषितांचा (सल्ल.) प्रसंग प्रत्येक व्यापाऱ्याला ठाऊक आहे. म्हणून प्रत्येक दागिन्यासोबत एक चिठ्ठी द्यावी : चक्र कोणत्या घड्याळातले, धातू कोणता, कडी चांदीची की पितळेची, पाणी लागले तर काय होईल. ही चिठ्ठीच या मालाची खरी जाहिरात ठरेल.

प्रकृती आणि शरीयत

काही खबरदारी आवश्यक आहे. फार जुन्या परदेशी घड्याळांच्या काट्यांवर आणि आकड्यांवर अंधारात चमकण्यासाठी रेडियमचा रंग लावलेला असे. असा रंग लावणाऱ्या अमेरिकेतल्या कामगार मुली ब्रशचे टोक ओठाने अणकुचीदार करीत. त्यांतल्या अनेकींचा १९२० च्या दशकात आजारी पडून मृत्यू झाला. चमक गेली तरी रेडियम जात नाही, ते निम्मे व्हायलाच सुमारे १६०० वर्षे लागतात. अशी डायल खरवडू नये, घासू नये, दागिन्यात तर मुळीच वापरू नये. निकेलचा मुलामा असलेला भागही अंगाला लागता ठेवू नये. अनेकांना त्याने खाज सुटते. युरोपीय संघाने १९९४ सालीच दागिन्यांतल्या निकेलवर मर्यादा घातली. मागच्या बाजूला चांदीचा पत्रा दिला की हा प्रश्न मिटतो. सेलच्या घड्याळातले बटणासारखे सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत.

पितळ-लोखंडाच्या अंगठीला हनफी मसलकाच्या अनेक उलेमांचा आक्षेप आहे. तेव्हा आपल्या गिऱ्हाइकासाठी अंगठी करायचीच तर ती चांदीची करावी, आणि पुरुषाची असेल तर एका मिस्कालाच्या, म्हणजे सुमारे ४.३७ ग्रॅमच्या आत ठेवावी. परदेशात चक्रांची घुबडे आणि फुलपाखरे करतात. आपण सजीवांची चित्रे टाळून चांद, फूल, वेल आणि मशिदींच्या जाळीतली भौमितिक नक्षी घ्यावी. गोल दातेरी चक्राला ती शोभते.

गिऱ्हाईक कुठे?

पुण्या-मुंबईची स्वप्ने आधी पाहू नयेत. पहिले गिऱ्हाईक आपल्या तालुक्यातच आहे. साखर कारखान्यात पाळी करणारे, शाळेत शिकवणारे, एस.टी.त नोकरी केलेले किती वडीलधारे घड्याळ लावत असत! ती घड्याळे आज घरोघरी कपाटात बंद पडून आहेत. ती चालत नाहीत आणि टाकवतही नाहीत. आजोबांच्या अशा घड्याळाची डायल आणि चक्रे घेऊन नातीसाठी लॉकेट करून देणे, हा धंदा इथे बसून होतो. त्यात माल गिऱ्हाइकाचा असतो, त्यामुळे अमानतीचा प्रश्न येत नाही. आणि घड्याळ कोणाचे हे त्या घराला माहीत असते, त्यामुळे खोटे बोलायला जागाच राहत नाही.

किंमत वजनावर लावू नये, मजुरीवर लावावी. समजा, चांदीची कडी, मागचा पत्रा आणि डबी मिळून ५०० रुपये लागले, आणि तीन तास काम झाले. कुशल कारागिराने तासाला १५० रुपये धरले तर ४५० मजुरी. वर दुकानखर्च आणि नफा. १,२०० रुपयांच्या खाली हा दागिना विकणे म्हणजे स्वतःच्या हुन्नराला भंगारात काढणे होय.

भांडवल थोडे लागते. २०२३ साली सुरू झालेल्या पी.एम. विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत सोनार आहे, कुलूप बनवणारा आहे, पण घड्याळ दुरुस्ती करणारा नाही. तो समाविष्ट करावा, अशी मागणी आपल्या संघटनांनी लोकप्रतिनिधींकडे जरूर करावी. त्या योजनेचे कर्ज ५ टक्के व्याजाचे आहे. व्याज टाळू इच्छिणाऱ्यांनी भागीदारी करावी : एकाचे भांडवल, दुसऱ्याची मेहनत, आणि नफ्याची वाटणी आधी लेखी. आपल्या शरीयतने हा रस्ता फार पूर्वी दाखवला आहे.

या धंद्याने रातोरात कोणी श्रीमंत होणार नाही. पण ज्या बापाला वाटते की आपल्या हातातले कसब आपल्याबरोबरच संपणार, त्याने मुलाला आठवड्यातून दोन संध्याकाळी जवळ बसवावे. भिंग कसे धरायचे, स्क्रू कसा सोडायचा हे शिकवावे. दागिना करता करता मुलगा घड्याळ उघडायला शिकेल, आणि उघडायला शिकला तर दुरुस्त करायलाही शिकेल. खणातला माल भंगारवाल्याला केव्हाही देता येईल. तो आज ना उद्या दारावर येणारच आहे. त्याआधी वही काढून कोणते घड्याळ कोणाचे, हे लिहायला या जुम्यानंतर सुरुवात करावी. अल्लाह हलाल रोजीत बरकत देवो.