अंजनेरीच्या पायऱ्या आणि हिमालयातील खिंड

उन्हाळ्याची सुट्टी जवळ येऊ लागली की व्यापारी कुटुंबांतील तरुण मंडळी हिमालयाचे बेत आखू लागतात. पूर्वी हे बेत शिमला, मनाली अथवा दार्जिलिंगच्या हॉटेलांपुरते असत. आता पाठीवर पिशवी, हाती काठी आणि पुढे वाटाड्या अशा थाटात चौदा हजार फुटांवरील खिंड ओलांडून यायचे असते. कुलू आणि लाहौल यांच्यामधील हमता खिंड ही त्यांपैकी सर्वांच्या तोंडी असलेली. तिची उंची सुमारे 4,270 मीटर असून मनालीहून चार-पाच दिवसांत ती पार करून परतता येते. पैसे भरले की तंबू, भोजन आणि मार्गदर्शक यांची सोय होते. दुकानाची गादी सांभाळणारे वडील "जाऊ दे, मुले काहीतरी पाहून येतील" असे म्हणून संमती देतात. आई मात्र दोनच प्रश्न विचारते. तिथे खाणार काय, आणि काही झाले तर कोण पाहणार? हे दोन्ही प्रश्न वरवर घरगुती वाटतात. वस्तुतः साऱ्या विषयाचे मर्म त्यांतच आहे.

जैन कुटुंबाला डोंगर नवा नाही. सम्मेद शिखरजीची वंदना 27 किलोमीटरांची. ती कित्येक ज्येष्ठ श्राविका उपाशीपोटी, अनवाणी पूर्ण करतात. गिरनार, शत्रुंजय आणि नाशिक जिल्ह्यातीलच मांगीतुंगी व गजपंथा ही सारी तीर्थे चढूनच गाठायची. त्यामुळे "आम्ही शिखरजी केली आहे, हिमालयाचे काय मोठेसे" असा विश्वास घरोघरी आढळतो. हा विश्वास पायांच्या बाबतीत खरा आहे, श्वासाच्या बाबतीत नाही. शिखरजीचा पारसनाथ डोंगर 1,365 मीटरांचा. महाराष्ट्रातील सर्वोच्च कळसूबाई 1,646 मीटर. विरळ हवेचा त्रास साधारणपणे अडीच हजार मीटरांच्या पुढे जाणवू लागतो. म्हणजे साऱ्या सह्याद्रीत कितीही भटकले तरी त्या त्रासाची ओळखसुद्धा होत नाही.

मग सराव करायचा कुठे? पायांचा, दमाचा आणि शिस्तीचा सराव घराजवळच करावा, आणि नाशिककरांना त्यासाठी त्र्यंबकेश्वराच्या वाटेवरील अंजनेरीहून चांगली जागा नाही. नाशिकहून त्र्यंबकेश्वरास जाताना वीसेक किलोमीटरांवर डाव्या हाताला जो विस्तीर्ण माथ्याचा डोंगर दिसतो, तो अंजनेरी. उंची सुमारे 1,300 मीटर. शेजारचा ब्रह्मगिरीही जवळपास तेवढाच. बहुतेक यात्रेकरूंना हे स्थान हनुमंताचे जन्मस्थान म्हणून ठाऊक असते. परंतु पायऱ्यांच्या वाटेवर कातळात कोरलेले एक लहानसे जैन लेणे आहे, त्यात तीर्थंकरांच्या मूर्ती आहेत, आणि पायथ्याच्या गावात जुन्या जैन व हिंदू मंदिरांचे अवशेष भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली उभे आहेत, याची वार्ता त्र्यंबकेश्वराकडे वेगाने जाणाऱ्या मोटारींना क्वचितच असते.

या अवशेषांतील एका जैन मंदिरात शके 1063 चा, म्हणजे इ. स. 1141-42 च्या सुमाराचा, संस्कृत शिलालेख आहे. यादव राजा सेउणचंद्र याने आठवे तीर्थंकर चंद्रप्रभ यांच्या मंदिरास तीन दुकाने दान दिल्याची त्यात नोंद आहे. पुढे वत्सराज नावाच्या सधन व्यापाऱ्याने लाहड आणि दशरथ या दोघांसह आणखी एक दुकान व एक घर त्याच कार्यासाठी दिले. जमीन नव्हे, सोने नव्हे, दुकान. दान दिलेल्या दुकानाचे उत्पन्न मंदिराच्या पूजेला लागावे ही कल्पना ज्यांच्या घरांत आजही चालू आहे, त्यांना हा लेख वाचताना आपल्याच वहीचे जुने पान उघडल्यासारखे वाटेल. याच अंजनेरीत सापडलेले भोगशक्ती राजाचे ताम्रपट त्याहून चारशे वर्षांहून अधिक जुने, आठव्या शतकाच्या आरंभीचे आहेत. उजाड झालेले एक पत्तन पुन्हा वसविण्यासाठी राजाने व्यापाऱ्यांना सवलती दिल्या. त्यांच्याकडून जकात घेऊ नये आणि निपुत्रिक मृताचे धन राजाने हरण करू नये, या त्यांतील ठळक. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर व्यापारी राहावा यासाठी राजाला एवढे करावे लागे, कारण कोकणाचा माल देशावर आणणारी वाट घाटांतूनच जात होती आणि घाट ही सदैव जोखमीची जागा होती.

अशा ठिकाणी पाठीवर सात-आठ किलो वजन घेऊन महिन्यातून दोनदा चढावे. सलग तीन महिने हा क्रम ठेवला तर हिमालयातील चढणीसाठी पाय तयार होतात. बाजूच्या हरिहर गडाच्या खड्या पायऱ्यांचे छायाचित्र सर्वांनाच हवे असते, पण रविवारच्या गर्दीत तिथे सराव कमी आणि खोळंबा अधिक होतो. अंजनेरीवर जायचे ते शक्यतो मार्गशीर्ष ते माघ या काळात. पावसाळ्यात वाट खेकडे, गोगलगायी आणि असंख्य किड्यांनी भरलेली असते. चातुर्मासात साधू-साध्वी विहार का थांबवितात, याचे उत्तर त्या वाटेवर प्रत्येक पावलाखाली मिळते. या डोंगराच्या नावानेच ओळखली जाणारी ‘सेरोपेजिया अंजनेरिका’ ही वनस्पती 2006 मध्ये प्रथम शास्त्रीय नोंदीत आली. लांब चोचीची गिधाडे याच्या कड्यांवर घरटी करतात. 2017 मध्ये हा परिसर संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून घोषित झाला. गडावर मोटाररस्ता नेण्याचा प्रस्ताव मध्यंतरी पुढे आला तेव्हा निसर्गप्रेमींनी त्याला कडाडून विरोध केला, आणि तो रास्तच होता.

आता हिमालयाकडे वळू. चार हजार मीटरांच्या पुढे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे साठ टक्के उरतो. शरीर त्याच्याशी जुळवून घेते, परंतु त्याला वेळ द्यावा लागतो. तीन हजार मीटरांनंतर मुक्कामाची उंची एका दिवसात पाचशे मीटरांहून अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे, हा सर्वमान्य दंडक आहे. डोके दुखणे, मळमळ, भूक मरणे आणि झोप न लागणे या खुणा दिसल्या तर आणखी वर चढू नये. चालताना तोल जाऊ लागला, बोलण्यात गोंधळ झाला, किंवा बसल्या जागी धाप आणि खोकला सुरू झाला, तर रात्र असो वा पाऊस, त्याच क्षणी खाली उतरवावे. मेंदूला किंवा फुप्फुसांना सूज येत असल्याची ती लक्षणे असतात आणि सकाळपर्यंत वाट पाहणे जिवावर बेतते. दणकट, व्यायाम करणारा तरुण यातून सुटतो असेही नाही. किंबहुना तोच वेगाने चढतो, लाजेपोटी डोकेदुखी लपवितो आणि अडचणीत सापडतो. औषधे आहेत, पण ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावीत. ज्यांना रक्तदाब, मधुमेह वा हृदयाचा त्रास आहे त्यांनी निघण्यापूर्वी तपासणी टाळू नये. गादीवर दहा-दहा तास बसणाऱ्या पंचेचाळिशीच्या गृहस्थास हे विशेष लागू आहे.

आईचा पहिला प्रश्न होता, तिथे खाणार काय. सहलींच्या भटारखान्यात बटाटा हा राजा असतो. कांदा-लसूण तर बोलायलाच नको. कंदमुळे वर्ज्य असल्याचे पैसे भरण्यापूर्वी लेखी कळवावे, तळावर पोहोचून सांगण्यात अर्थ नाही. खाकरा, चिक्की, भाजलेले मूग, सत्तूचे पीठ आणि सुकामेवा हे पदार्थ हलके, टिकाऊ आणि त्या थंडीत उपयोगी पडणारे आहेत. उकळलेल्या पाण्याची जैन घरातील सवय तिथे फार कामी येते. मात्र चार हजार मीटरांवर पाणी 86-87 अंशांनाच उकळते, त्यामुळे ते उकळू लागताच न उतरविता तीन मिनिटे तसेच उकळत ठेवावे. याच कारणाने डाळ-तांदूळ उघड्या भांड्यात शिजत नाहीत, प्रेशर कुकर लागतो.

खरी अडचण पदार्थांची नसून घड्याळाची आहे. खिंड ओलांडण्याच्या दिवशी तुकडी बहुधा पहाटे दोन-तीनच्या सुमारास निघते, कारण पहाटे बर्फ घट्ट असते आणि दुपारनंतर हवामान बिघडण्याचा संभव असतो. चौविहार पाळणाऱ्याने आदल्या सूर्यास्तापासून पाण्याचा थेंबही घेतलेला नसतो. नवकारशी असेल तर सूर्योदयानंतर आणखी 48 मिनिटे. म्हणजे दहा तासांहून अधिक काळ निर्जळी, त्यात काही तासांची बर्फातील चढण, आणि तीही अशा हवेत की जिथे श्वासागणिक शरीरातील पाणी कमी होते. शिखरजीवर जी तपश्चर्या आहे, ती इथे स्वतःबरोबर सोबत्यांचा जीवही धोक्यात घालते. कारण खिंडीत एक जण कोसळला की त्याला उचलण्यासाठी चौघांना थांबावे लागते. पच्चक्खाणात आगार ठेवणारी आपली परंपरा देहाच्या मर्यादेविषयी अनभिज्ञ नाही. ज्यांचे नियम कायमचे आहेत त्यांनी गुरुमहाराजांना निघण्यापूर्वी विचारावे. तेवढ्या दिवसांपुरता तिविहार करता येईल का, हे तेच सांगतील. ज्यांना नियमात तसूभरही फरक नको, त्यांनी दिवसाउजेडी पूर्ण होणारा आणि कमी उंचीचा मार्ग निवडावा. त्यात कमीपणा काहीही नाही. नियमही राखायचा आणि खिंडही गाठायची, आणि दोन्ही कुणाला न सांगता, हा हट्ट मात्र घातक आहे.

सामानाचीही थोडी चौकशी हवी. उबदार जाकिटे आणि झोपण्याच्या पिशव्या पुष्कळदा बदक वा हंसाच्या पिसांनी भरलेल्या असतात, बुटांना कातडे असते. भाड्याने घेताना हे कुणी सांगत नाही. कृत्रिम तंतूंचे भरण आणि कापडी-रबरी बूट मिळतात, ते मागावेत. सामान वाहणारी खेचरे किती ओझ्याने वाकली आहेत हेही पाहावे आणि आपली पिशवी आपणच उचलावी.

दुसरा प्रश्न, काही झाले तर कोण पाहणार, अधिक कठीण आहे. जून 2024 मध्ये उत्तरकाशीच्या सहस्रताल मार्गावर वाटाड्यांसह निघालेल्या 22 जणांच्या गटाला हिमवादळाने गाठले आणि त्यांतील 9 जण मृत्युमुखी पडले. वाटाड्या सोबत असणे म्हणजे सुरक्षितता नव्हे, हे त्या घटनेने दाखविले. म्हणून पैसे भरताना व्यापाऱ्याच्या सवयीने चार प्रश्न विचारावेत. किती जणांमागे एक वाटाड्या? त्याने उत्तरकाशी, दार्जिलिंग किंवा मनालीच्या गिर्यारोहण संस्थेत शिक्षण घेतले आहे काय? प्राणवायूची नळकांडी बरोबर असते काय? वेळापत्रकात राखीव दिवस आहे काय? ज्या संस्थेला या प्रश्नांचा राग येतो, तिच्याकडे जाऊ नये. विम्याची पॉलिसीही वाचावी. उंचावरील पदभ्रमण अनेक पॉलिसींत वगळलेले असते.

आणि परत फिरण्याचा निर्णय वाटाड्याचा. व्यापारी मनाला हे जड जाते; रक्कम भरली आहे, रजा काढली आहे, माल उचललाच पाहिजे असे वाटते. पण वाटाड्या "मागे फिरा" म्हणाला की ती रक्कम बुडीत खात्यावर टाकावी आणि हुज्जत न घालता उतरावे. दुकानातील बुडीत पुढच्या हंगामात भरून निघते.

समाजातील ज्या कुटुंबांचे मन अष्टापदाकडे आहे, त्यांनाही हे लागू पडते. भगवान ऋषभदेवांची निर्वाणभूमी अनेक जण कैलासाशी जोडतात. उत्तराखंडातून लिपुलेख खिंडीमार्गे जाणारी सरकारी कैलास-मानसरोवर यात्रा 1981 मध्ये सुरू झाली, 2020 पासून खंडित राहिली आणि 2025 मध्ये पुन्हा चालू झाली. लिपुलेखची उंची पाच हजार मीटरांच्या पुढे, आणि परिक्रमेतील डोलमा खिंड त्याहून उंच, सुमारे 5,600 मीटर. धारचुल्याहून लिपुलेखच्या दिशेने आता मोटाररस्ता झाल्याने पूर्वीची कित्येक दिवसांची पायपीट वाचली. पण पायपीट वाचली म्हणून शरीराला लागणारे दिवस वाचत नाहीत. उलट चालत जाताना आपोआप मिळणारा वेळ आता मुद्दाम थांबून द्यावा लागतो. म्हणूनच दिल्लीत वैद्यकीय तपासणी आणि वाटेत गुंजी येथे मुक्काम व पुन्हा तपासणी, असा क्रम ठेवलेला आहे. गुंजीला डॉक्टरांनी थांबविलेले यात्रेकरू तिथून परत येतात. अशा वेळी घरच्यांनी फोनवरून "एवढ्या जवळ गेलास, विनंती करून पाहा" असे म्हणू नये. त्याला गाडीत बसवून खाली आणण्याची व्यवस्था तेवढी पाहावी.