'का' लिहिणारा नेता

सोलापूर रोडवर लोणी स्टेशनपासून हडपसरपर्यंत ट्रॅफिकमध्ये अडकलं की वाचायला एकच गोष्ट असते. फ्लेक्स! वाढदिवस, निवड, अभिनंदन, परत वाढदिवस. वर साहेब, खाली पासपोर्ट साइजमध्ये पन्नास कार्यकर्ते. लोणी काळभोरला राहून आता हे चेहरे पाठ झालेत. मला कुतूहल वेगळंच आहे. साहेब आणि त्यांचा प्रचार सांभाळणारा माणूस एकमेकांना लिहितात काय? माझा अंदाज : 'किती आले?' 'भरपूर साहेब.' मग एक अंगठा. संपला पत्रव्यवहार.

आता हे बघा. ३ मार्च १९३४ ला डॉ. आंबेडकरांनी नाशिकच्या भाऊराव गायकवाडांना (म्हणजे पुढचे दादासाहेब) एक पत्र लिहिलं. भाऊराव काळाराम मंदिर सत्याग्रह समितीचे सचिव. त्यांना नुसतं प्रचारप्रमुख म्हणणं अपुरंच आहे. २ मार्च १९३० ला सुरू झालेला सत्याग्रह, बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी लंडनला असतानाही, या माणसाने तिकडे नाशकात चालू ठेवला होता. दगड खाल्ले लोकांनी. चार वर्षं झाली तरी दार उघडलं नव्हतं. भाऊरावांनी विचारलं, येत्या रामनवमीला सत्याग्रह करायचा का?

उत्तर आलं : नको. पुढे ढकलू नका, कायमचाच सोडून द्या.

आणि मग, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, कारण दिलंय. सत्याग्रह सुरू करणाऱ्यानेच असं म्हणावं हे विचित्र वाटेल, हेही स्वतःच कबूल केलंय. आपल्या लोकांनी मूर्तिपूजक व्हावं म्हणून हे केलं नव्हतं, त्यांना स्वतःच्या स्थितीची जाणीव व्हावी, त्यांच्यात जोर यावा म्हणून केलं. ते काम झालं. आता शक्ती आणि पैसा राजकारण आणि शिक्षणावर लावा.

माझ्यातल्या इंजिनिअरला लगेच शंका आली. टार्गेट गाठता आलं नाही म्हणून टार्गेटच बदललं की काय? रिलीजच्या आदल्या रात्री आम्ही हेच करतो :) पण जुनं व्हर्जन काढून बघितलं तर तसं नाहीये. १९३० मध्ये सत्याग्रहाच्या सुरुवातीलाच त्यांनी सांगितलं होतं की देवळात शिरल्याने आपला प्रश्न सुटणार नाही, तो राजकीय, सामाजिक, आर्थिक असा सगळाच आहे. म्हणजे स्पेसिफिकेशन पहिल्या दिवसापासून तेच!

गर्दी जमवणारा कार्यक्रम, तोही ज्यासाठी माणसांनी मार खाल्लाय, बंद करा म्हणणं किती अवघड असेल? आज कुठला नेता हे करेल? केलंच तर 'वरून आदेश आहे' एवढ्यावर भागवतील. राबणाऱ्याला 'का' सांगायची पद्धतच नाही आपल्याकडे. पक्षात नाही, आणि खरं सांगू, ऑफिसातही नाही. प्रोजेक्ट बंद झाल्याचं आम्हाला कॅन्टीनमध्ये कळतं.

भाऊरावांना कारण कळलं होतं. पुढे १९५७ मध्ये ते लोकसभेत गेले, आणि १९५९ मध्ये त्यांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला. यावेळी मागणी देवळाच्या दाराची नव्हती, कसायला जमिनीची होती. ते पत्र लिहिणारा माणूस तोवर जाऊन तीन वर्षं होत आली होती.