कुलूप उघडणाऱ्या माणसाचा पगार

आमच्या गावच्या वाचनालयाचं कुलूप संध्याकाळी पाचला उघडायचं. उघडणारे काका दिवसभर स्वतःचं कटलरीचं दुकान चालवायचे. पाच वाजले की मुलाला गल्ल्यावर बसवून किल्ल्यांचा जुडगा घेऊन यायचे. दहावीपासून पदवीपर्यंत मी तिथल्याच ट्यूबलाइटखाली अभ्यास केला, कारण आमच्या दोन खोल्यांत पाच माणसं आणि एक टीव्ही होता. एकदा विचारलं, "काका, पगार किती मिळतो?" ते हसले. "पगार नाही रे, मानधन म्हण. तेही अनुदान आलं तर."

दोन वर्षांपूर्वी काकांचे गुडघे गेले. तेव्हापासून ते कुलूप तसंच लटकलंय. किल्ली घ्यायला गावात कुणी तयार नाही आणि मला त्यांच्यापैकी कुणाचाही राग येत नाही. मी हिशेब करून पाहिलाय.

महाराष्ट्रात 'ड' वर्गाच्या वाचनालयाचं राज्य सरकारकडून मिळणारं वर्षाचं अनुदान ४८ हजार रुपये झालं. तेही २०२२ साली ६० टक्के वाढ झाल्यानंतर. म्हणजे दिवसाला १३१ रुपये. त्यातच पुस्तकं, वर्तमानपत्रं, वीजबिल आणि माणूस. २०२५-२६ मध्ये राज्यात रोजगार हमीवर एका मजुराचा दिवसाचा दर होता ३१२ रुपये. माती उचलणाऱ्याला ३१२ जास्त आहेत असं माझं म्हणणं मुळीच नाही. पण अख्ख्या वाचनालयाचा दिवस त्याच्या निम्म्याइतकाही भरत नव्हता.

इथपर्यंत आलं की आपण राज्य सरकारला शिव्या घालतो आणि मोकळे होतो. मला दिल्लीकडे बोट दाखवायचंय.

केंद्र सरकारची या कामासाठी एक संस्था आहे, राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान. १९७२ साली कोलकात्यात सुरू झालेली. ती पुस्तकं देते, कपाटं देते, इमारतीला मदत करते. चांगलंच आहे. पण त्या इमारतीचं दार रोज उघडणाऱ्या माणसाच्या पगाराचं काय? तिथे उत्तर तयार असतं: ग्रंथालय हा राज्यसूचीतला विषय आहे.

बरोबर आहे. संविधानात तसंच लिहिलंय. पण सार्वजनिक आरोग्यही राज्यसूचीत आहे. तरी २००५ पासून केंद्राच्या अभियानातून गावोगावी आशाताई उभ्या राहिल्या. त्यांचं मानधन तुटपुंजं आहे, त्यांनाही त्यासाठी रस्त्यावर उतरावं लागतं. पण निदान दिल्लीच्या हिशेबाच्या वहीत त्यांच्यासाठी एक ओळ आहे. पाणीही राज्याचाच विषय, तरी जलजीवन मिशन आलं. म्हणजे द्यायचं मनात असलं की राज्यसूची आडवी येत नाही. ती फक्त वाचनालयाच्या दारातच आडवी येते.

मग पैसे नाहीत का? २०२५-२६ चा केंद्राचा अर्थसंकल्प साधारण ५० लाख ६५ हजार कोटींचा. त्यात संपूर्ण सांस्कृतिक मंत्रालयाला सुमारे ३,३६१ कोटी. पुरातत्त्व, संग्रहालयं, ग्रंथालयं, अकादम्या, सगळं मिळून. शंभर रुपयांतले सात पैसेसुद्धा नाहीत. "आधी रस्ते, मग पुस्तकं" म्हणणाऱ्यांनी सांगावं, या सात पैशांत कुठला रस्ता अडलाय?

आता दुसरा हिशेब. राज्यात अशी साधारण १२ हजार वाचनालयं धरा. प्रत्येकातल्या एका माणसाला महिन्याला १० हजार द्यायचे तर वर्षाला १४४ कोटी लागतील. केंद्राच्या शंभर रुपयांतला जेमतेम पाव पैसा. सगळ्या राज्यांसाठी तेच करा, तरी हा आकडा कुणाची झोप उडवणारा नाही.

याच काळात दिल्लीत नॉर्थ आणि साउथ ब्लॉकमध्ये 'युगे युगीन भारत' हे भव्य राष्ट्रीय संग्रहालय उभारायचं ठरलंय. व्हावं. मीही बघायला जाईन. ३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा मीही स्टेटस ठेवला होता. पण त्या अभिजात भाषेतली पुस्तकं ज्या खोलीत आहेत तिथे वाळवी लागलीय आणि दार उघडायला माणूस नाही.

"आता सगळं मोबाइलवर मिळतं," असं मित्र म्हणतात. तुम्ही हेही मोबाइलवरच वाचताय. पण मोबाइलवर शांत खोली मिळत नाही. टेबल मिळत नाही. आणि गावाकडची जी मुलगी रात्री घरात एकच फोन भावाच्या हातात बघते, तिला तर मोबाइलही मिळत नाही. शहरात खासगी अभ्यासिकेची फी भरून जे विकत घेतो, ते तिला गावात फुकट मिळत होतं.

म्हणून एक काम करा. दिवाळीला गावी जाल तेव्हा वाचनालय किती वाजता उघडतं आणि उघडणाऱ्याला महिन्याला किती मिळतं, एवढंच विचारून या. तो आकडा आपल्या खासदाराला लिहून पाठवा. आमदाराला नंतर. ते म्हणतील, हा राज्याचा विषय आहे. तेव्हा त्यांना आशाताईंची आठवण करून द्या.

मी माझं पत्र पाठवलंय. काकांना वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "पगाराचं बघ, पण आधी किल्ली घेऊन जा. पुस्तकांना ऊन दाखवायला हवं."