अर्धी साक्ष

परवा एका लग्नात आमच्या धाकट्या भावजींनी मला पंगतीतच गाठलं. "वहिनी, उगाच धुराच्या नावानं बोटं मोडू नका. पृथ्वी तापतेय ती सूर्यामुळे. झाडांच्या खोडातल्या वर्तुळांवरून सिद्धच झालंय ते!"

मी मराठीची बी.ए. विज्ञानाचे सर रजेवर गेले की तो तास माझ्या गळ्यात पडायचा, तेवढंच माझं विज्ञान. पण साक्षीदार बोलावला तर त्याचं सगळं ऐकून घ्यावं, एवढं मला कळतं.

खोडं सूर्याबद्दल बोलतात हे खरंच आहे. अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांमुळे हवेत कार्बन-१४ तयार होतो आणि झाड तो त्या त्या वर्षीच्या वर्तुळात साठवतं. सूर्य जोमात असला की त्याचं चुंबकीय क्षेत्र हे किरण अडवतं, म्हणून कार्बन-१४ कमी. सूर्य मंदावला की जास्त. १६४५ ते १७१५ या काळात सूर्यावर डाग जवळजवळ दिसलेच नव्हते. त्या वेळच्या निरीक्षकांचं हे म्हणणं पुष्कळांना पटत नसे. १९७६ मध्ये जॉन एडी यांनी त्या नोंदींशेजारी त्याच काळातल्या खोडांतला वाढलेला कार्बन-१४ मांडला, आणि जुने निरीक्षक खरे ठरले. काय सुंदर पुरावा!

आता भावजींचा आधार. २००४ मध्ये सामी सोलंकी आणि सहकाऱ्यांनी वर्तुळांवरून ११,४०० वर्षांचा सूर्य मांडला. अलीकडची सत्तर वर्षं सूर्य आठ हजार वर्षांत नव्हता इतका जोमात आहे, असं त्यांनी म्हटलं. (त्यावरही पुढे वाद झाले.) भावजी इथेच थांबतात. पण त्याच निबंधात म्हटलंय की शेवटच्या तीन दशकांतल्या तापमानवाढीचं मुख्य कारण सूर्य असण्याची शक्यता कमी आहे!

शिवाय खोडं आणखीही काही सांगतात. कोळसा आणि खनिज तेल इतकं जुनं, की त्यातला कार्बन-१४ केव्हाच संपलेला. १९५५ मध्ये हान्स स्यूस यांनी दाखवलं, की विसाव्या शतकातल्या लाकडात तो जुन्या लाकडापेक्षा कमी भरतो. दुधात पाणी घालावं तसं आपल्या धुरानं हवेतल्या कार्बन-१४ चं प्रमाण उतरवलं. म्हणजे भावजींचा साक्षीदार धुराचंच नाव घेतोय. पुढे अणुचाचण्यांनी तोच कार्बन-१४ १९६० च्या दशकात जवळपास दुप्पट केला, त्यामुळे त्यानंतरच्या वर्तुळांत सूर्य वाचणं अवघड. त्या काळासाठी उपग्रह आहेत. १९७८ पासून ते सूर्याचं तेज मोजताहेत आणि तापमानाबरोबर ते काही चढलेलं नाही.

हे सगळं ऐकून भावजी म्हणाले, "वहिनी, जिलबी घ्या."

घेतली. पुढच्या महिन्यात त्यांच्याच नातवाची मुंज आहे.