औषधी मालाला आधी काटा हवा



गेल्या चैत्रात मळवली स्टेशनावर पुण्याच्या लोकलची वाट पाहत बसलो होतो. शेजारी भाज्याच्या बाजूची एक कातकरी बाई गुळवेलीचा भारा घेऊन बसली होती. सहज विचारले, "मावशी, काय भाव मिळतो?" ती म्हणाली, "भाव कुठला दादा? तो भाऱ्याकडं बघतो आन् पैसं देतो. वजन त्याच्या डोळ्यांत."

हे ऐकले आणि मला माझे मामा आठवले. ते गुऱ्हाळ चालवीत. गुळाच्या ढेपा गाडीत घालून पेठेत न्यायच्या, अडत्याने रुमालाखाली दुसऱ्या व्यापाऱ्याची बोटे दाबायची, आणि आपल्या गुळाचा भाव आपल्याला सगळ्यांत शेवटी कळायचा. त्या रुमालाखालून उसाला कोणी बाहेर काढले, हे आपल्याला सांगायला नको. १९५० साली प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी जो कारखाना उभा केला, त्याचे मर्म यंत्रात नव्हते. शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोरचा वजनकाटा, हातात पावती आणि सभेत एक मत, हे ते मर्म होते.

आज सगळीकडे बोलले जाते की आयुर्वेदिक औषधांना देशभर बाजारपेठ मिळवून दिली पाहिजे. माझे म्हणणे थोडे वेगळे आहे. बाजारपेठ मिळवायची राहिलेली नाही, ती कधीच मिळाली आहे. आपल्या घाटाखाली पनवेलला धूतपापेश्वर कारखाना १८७२ साली निघाला. पुण्याची आयुर्वेद रसशाळा १९३५ सालची. आज च्यवनप्राश आणि त्रिफळा चूर्ण काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत दुकानात मिळते. कार्ल्याला आणि लोणावळ्याला आयुर्वेद नि योगासाठी लांबून माणसे येतात, हे तर आपण रोज पाहतो. मग उणे काय आहे? त्या बाजारपेठेच्या या टोकाला काटा नाही, पावती नाही आणि मत नाही.

आपल्या डोंगरात काय आहे ते बघा. त्रिफळा म्हणजे हिरडा, बेहडा आणि आवळा. त्यांतली पहिली दोन झाडे आपल्या मावळच्या रानात कोणी न लावता उभी आहेत. गुळवेल कुंपणाकुंपणावर चढलेली आहे. उन्हाळ्याच्या तोंडाला डोंगर लाल करणारी धायटी आपण नुसती बघतो. पण आसव-अरिष्टे आंबवण्यासाठी त्याच धायटीची फुले लागतात. त्यात गूळही लागतो, आणि च्यवनप्राशात तर साखरेचा वाटा मोठा असतो. म्हणजे आपला नि या धंद्याचा संबंध नाही असे कोणी म्हणू नये.

आता कोणी म्हणेल, मग लावा की एकेक एकर औषधी वनस्पती! थांबा. हा चटका मी स्वतः खाल्ला आहे. वीस-बावीस वर्षांपूर्वी सफेद मुसळीची लाट आली होती. एका कंपनीने महाग बियाणे गळ्यात मारले आणि सगळा माल परत घेण्याचा करार छापील कागदावर करून दिला. मी अर्धा एकर लावली. माल निघाला, सोलला, वाळवला, आणि कंपनीच्या ऑफिसला कुलूप! दोन पावसाळे ती पोती माळ्यावर बुरशी धरत पडली होती. घरची मंडळी अजून मुसळीचे नाव काढले की हसतात. उसाच्या पैशाबद्दल आपण कितीही कुरकुर केली, तरी १९६६ च्या कायदेशीर हुकुमाप्रमाणे चौदा दिवसांत पैसे देणे बांधील आहे; निदान भांडायला कागद असतो. मुसळीला तसा कोणी वाली नव्हता. म्हणून आधी लागवड नको. आधी काटा आणि गिऱ्हाईक.

हे होऊ शकते का? झालेले आहे. ठाणे जिल्ह्यात शहापूरच्या कातकरी तरुणांनी संस्था करून गुळवेल गोळा केली, वाळवली आणि थेट कंपन्यांशी बोलणी केली. केंद्राच्या वन धन योजनेचे पाठबळ मिळाले, आणि २०२१ साली ३५० टन गुळवेलीच्या, सुमारे १ कोटी ५७ लाख रुपयांच्या मागण्या त्यांच्याकडे आल्या. हिशेब करा, किलोला पंचेचाळीस रुपयांच्या आसपास पडतो. मागणी देणाऱ्यांत डाबर, हिमालया, बैद्यनाथ अशी नावे होती. तिकडे तामिळनाडूत 'ग्राम मूलिगै' कंपनीत वनस्पती गोळा करणारे आणि पिकवणारे हेच भागधारक आहेत. आपल्याच जिल्ह्यात भीमाशंकरच्या हिरड्याला, झाड न ओरबाडता माल काढल्याचा दाखला मिळून तो परदेशी चहाच्या पुडीपर्यंत गेला. ही माणसे आपल्यापेक्षा शिकलेली किंवा पैसेवाली नव्हती.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात धरावी. औषध म्हणजे साखर नव्हे. करोनाच्या साथीत लोकांनी गुळवेलीचा काढा घरोघर उकळला, आणि २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद केली. त्यावर आयुष मंत्रालयाने सांगितले की खऱ्या गुळवेलीसारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीशी तिची गल्लत होऊ नये. वाद काहीही असो, आपल्याला धडा एकच: पोत्यात काय आहे, कोणत्या रानातले आहे, कधी तोडले आणि किती वाळवले, याचा कागद पोत्याबरोबर गेला पाहिजे. कोणत्या रोगावर काय लागू पडते ते जाणकारांनी तपासून सांगावे. आपण भडक दावे करू नयेत. आपण माल चोख द्यावा.

तेव्हा माझी सूचना अशी. मळवली रेल्वे स्टेशनाजवळ एक साधी शेड भाड्याने घ्यावी. एक काटा, वाळवणाचे मांडव, ओल मोजण्याचे एक यंत्र आणि वनस्पती ओळखणारा एक शिकलेला मुलगा किंवा मुलगी, एवढ्यावर सुरुवात होते. उसाचा गळीत हंगाम सरतो, त्या सुमारास हिरड्याचा हंगाम तोंडावर येतो; गाड्या आणि माणसे रिकामीच असतात. पहिली दोन वर्षे फक्त चार वस्तू घ्याव्यात: हिरडा, बेहडा, गुळवेल, धायटी. माल आधी प्रयोगशाळेत तपासून घ्यावा, खरेदीदाराशी भाव लेखी ठरवावा, मगच खरेदी उघडावी. "कारखान्यावर आधीच कर्ज, हे नवे लचांड कशाला?" असे संचालक मंडळी म्हणतील. त्यांना सांगणे हेच, की यासाठी कारखान्याच्या तिजोरीला हात लावू नये. वेगळी छोटी संस्था नोंदवावी. कारखान्याने फक्त हिशेबाची शिस्त आणि आपला शब्द उसना द्यावा.

आणि शेवटची गोष्ट, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ही संस्था कोणाची? हिरडा गोळा करणारा ठाकर, कातकरी आणि महादेव कोळी आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने रानातल्या अशा गौण उपजावरचा त्यांचा हक्क मान्य केला आहे. तो माल आपण ऊसवाल्यांनी पडत्या भावात घेऊन चढत्या भावात विकला, तर आपण सहकार केला नाही; आपणच रुमालाखाली बोटे दाबणारे अडते झालो. म्हणून मोळी आणणाऱ्या प्रत्येक बाईला भाग, पासबुक आणि सभेत एक मत हवे, आणि निम्म्याहून अधिक संचालक त्यांच्यातलेच हवेत. आपण मदतनीस म्हणून बाजूला बसावे.

उशीर करून चालणार नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने जुन्नर-आंबेगावच्या बाजूला हिरड्याची झाडे उन्मळून पडली, तर भरपाईसाठी लोकांना मोर्चे काढावे लागले. इकडे मावळात वादळाचीही गरज उरलेली नाही. बंगल्याच्या प्लॉटला कंपाउंड पडले की पहिला जातो तो जुना बेहडा. झाडाला भाव नसेल तर जागेलाच भाव राहतो, आणि मग झाड कोण राखणार?

मी त्या मावशीला गाडी येताना विचारले, "काटा लावला तर आणाल का माल?" ती भारा डोक्यावर घेत म्हणाली, "काटा खरा ठेवा दादा, मंग बघा."

येत्या सर्वसाधारण सभेत हा विषय मांडणार आहे. सभासदांनी आपापल्या गावी बोलून यावे, ही नम्र विनंती.

— एक ऊस उत्पादक सभासद, मळवली