मुरूम नेला, पाणी नेलं



कार्ल्याच्या डोंगरावर एकवीरा आईला रोज माणसं येतात, लेणी बघतात. तिथेच दगडात कोरलेली पाण्याची टाकी आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी ज्यांनी हा डोंगर छिन्नीने फोडला, त्यांनी राहायच्या खोल्यांबरोबर पाण्याची सोयही कोरली. आजचा डोंगर फोडणारा पोकलेन घेऊन येतो आणि पाण्याचं नावसुद्धा काढत नाही.

साहेब आम्हाला विचारतात, "लोणावळ्याला एवढा पाऊस, मग तुमच्या वाडीला उन्हाळ्यात पाणी कसं नाही?" साहेब, पाऊस पडून भागत नाही, तो मुरावा लागतो. आपला काळा कातळ पाणी पीत नाही. पाणी धरतो तो वरचा झिजलेला मुरूम आणि कातळाच्या भेगा. मुरलेलं पाणी खाली घट्ट थराला लागलं की आडवं सरकतं आणि डोंगराच्या कुशीतून झरा होऊन निघतं. म्हणजे मुरूम ही आपली पाण्याची कणगी आहे. कणगीच उचलून नेली तर पाऊस साठायचा कशात?

हिशोब करून बघू. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, सुमारे २८०० लिटरची जागा. भूजलाचा अभ्यास करणारे अशा झिजलेल्या खडकात शंभरात एक ते तीन भाग पाणी मोकळं होतं असं धरतात. दोन भाग धरले तरी ब्रासमागे ५६ लिटर, म्हणजे जवळजवळ चार हंडे. तीन ब्रासचा डंपर गेला की अकरा हंडे गेले. आणि हे एकदाचे नाहीत, दर पावसाळ्याला भरणारे अकरा हंडे कायमचे गेले. दिवसभर किती डंपर उतरतात ते रस्त्याकडेच्या पोरांनाही माहीत आहे. पावतीवर मुरमाची रॉयल्टी लिहितात. पाण्याची कोण लिहितो?

हा मुरूम जातो कुठे? बराचसा खालीच, भातखाचरात. खाचरं बुजवायची, ओढ्यात भराव टाकायचा, सपाटी करून प्लॉट पाडायचे, वर बंगला आणि पोहायचा तलाव. ओढा असतो तिथे एक सिमेंटचा पाइप टाकतात आणि म्हणतात, "पाणी जातंय की!" पाइप म्हणजे ओढा नव्हे. पहिल्या पावसात चढणीचे मासे ओढ्यातून खाचरात चढायचे, बाया-पोरं रात्री बत्ती घेऊन जायची, घरात कालवण व्हायचं. खेकडे ओढ्याच्या दगडाखाली मिळायचे. पाइपात खेकडा राहत नाही. पावसाळ्यात तेच तुंबलेलं पाणी आमच्या झोपडीत शिरतं, आणि उन्हाळ्यात आम्हीच हंडा घेऊन उभे. वर कणगी खणली, खाली वाट बुजवली. ही दोन कामं नाहीत, एकच चोरी आहे.

मावळाला हे नवीन नाही. १९१५ साली खोपोलीचं वीजघर सुरू झालं, तेव्हापासून लोणावळ्याच्या तलावांचं पाणी घाट उतरून जातं. पवनेचं पाणी बंद नळाने पिंपरी-चिंचवडला न्यायचं ठरलं, तेव्हा ९ ऑगस्ट २०११ ला बऊरजवळ एक्स्प्रेस वेवर शेतकऱ्यांवर गोळीबार झाला. तीन जण गेले, त्यात एक बाई होती. तो दिवस जागतिक आदिवासी दिनाचा. तेव्हा धरणाचं पाणी नळाने नेत होते, आता झऱ्याचं डंपरने नेतात.

आपल्यातलेच काही म्हणतात, "क्रशर बंद झाला तर रोज कुठला?" हा प्रश्न खोटा नाही. वीटभट्टीवर उचल घेऊन जाण्यापेक्षा घराजवळचा रोज बरा, हे आम्हालाही कळतं. घरकुलाला खडी लागते, वाडीच्या रस्त्याला मुरूम लागतो. खणूच नका असं आम्ही म्हणत नाही. झऱ्याच्या वरच्या अंगाला खणू नका, विहिरीच्या पाण्याच्या पातळीखाली उतरू नका, ओढ्यात भराव टाकू नका, एवढंच म्हणतो. डोंगर दहा-पंधरा वर्षांत संपेल, मालक दुसरा डोंगर घेईल. आपण दुसरा झरा कुठून आणणार?

आणि "मावळ अनुसूचित क्षेत्रात नाही, तुम्हाला पेसा लागू नाही" हे ऐकून गप बसू नका. पेसा नाही हे खरं. पण २००६ चा वनहक्क कायदा अनुसूचित क्षेत्राबाहेरही लागू आहे. त्याचं कलम ५ सांगतं की पाणलोट आणि पाण्याचे साठे राखणं हा वनहक्कधारकांचा आणि ग्रामसभेचा अधिकार आहे. ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावर बॉक्साइटची खाण येणार होती. सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ ला प्रश्न ग्रामसभांकडे पाठवला. बारा ग्रामसभा बसल्या, बाराही नको म्हणाल्या. खाण झाली नाही.

म्हणून प्रत्येक वाडीने एवढं करायचं:

१. चैत्र-वैशाखात प्रत्येक झऱ्यावर जाऊन हंडा भरायला किती वेळ लागतो ते वहीत तारखेसह लिहा. हे काम बायांनी धरावं, कारण पाणी त्यांच्या डोक्यावर येतं. पुढच्या वर्षी हीच वही पुरावा होईल.

२. सामूहिक वनहक्काच्या दाव्यात झरे, डोह, ओढे नावानिशी लिहा. ग्रामसभेत कलम ५ चा ठराव करा आणि नियम ४ प्रमाणे राखण समिती नेमा.

३. खोदकाम दिसलं की परवाना मागा. पाच हेक्टरपेक्षा लहान खाणीलाही पर्यावरणाची मंजुरी हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१२ ला सांगितलं आहे. परवाना नसेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली तहसीलदार दंड करू शकतात, गाडी धरू शकतात. अर्ज लेखी द्या, पोच घ्या.

४. भराव पडला की तलाठ्याकडून गाव नकाशा काढा आणि ओढा कुठून जात होता ते दाखवा. नकाशावरचा ओढा मुरमाखाली गाडता येतो, पुसता येत नाही.

एकटा माणूस डंपरपुढे उभा राहिला तर भांडण होतं. आख्खी वाडी वही, ठराव आणि नकाशा घेऊन उभी राहिली तर सुनावणी होते. पाऊस यायच्या आत वह्या भरा.

पाणी आमच्या हक्काचं! जिंदाबाद!