शनिवार तेल्यांचे प्रार्थनामंदिर व आपण



नांदेडहून किंवा लातूरहून मुंबईस जाणारी गाडी भायखळा ओलांडून अखेरच्या टप्प्यात शिरली, की प्रवासी सामानाची आवराआवर करू लागतात. त्या गडबडीत 'मशीद' नावाचे एक लहान स्थानक खिडकीतून मागे सरकते. मुसलमान बांधवांच्या एखाद्या मशिदीवरून हे नाव पडले असावे, असे आपण धरून चालतो. परंतु ते नाव यहुद्यांच्या एका प्रार्थनामंदिरावरून पडले, असे सांगितले जाते. बेने इस्राएल या नावाने ओळखले जाणारे आपल्या महाराष्ट्रातील यहुदी आपल्या प्रार्थनामंदिरास पूर्वी 'मशीद'च म्हणत. त्यांचे मुंबईतील पहिले मंदिर, शाआर हारहामीम म्हणजे दयेचे द्वार, १७९६ साली त्याच भागात उभे राहिले.

नांदेड-लातूरकडे यहुद्यांची वस्ती नाही, त्यांचे मंदिरही नाही. तेव्हा त्यांच्या पूजापाठाशी आपणांस काय कर्तव्य, असा प्रश्न आपण विचाराल. माझे उत्तर असे, की ही माणसे आपल्याच मराठीत बोलतात, आणि विसरलेला धर्म पुन्हा शिकून घेण्याचे जे काम आपण आज हाती घेतले आहे, ते त्यांनी दोनशे वर्षांपूर्वीच हाती घेतले होते. त्यांनी ते कसे केले आणि कोठे ठेच खाल्ली, हे जाणून घेणे आपल्या हिताचे आहे.

त्यांची परंपरागत कथा अशी, की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटले आणि त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. त्यांचे वंशज कोकणातील गावोगाव पसरले, तेलाचे घाणे चालवू लागले, आणि दिवेकर, पेणकर, किहीमकर, रोहेकर अशी गावांवरून पडलेली आडनावे लावू लागले. त्यांचे ग्रंथ गेले, हिब्रू भाषाही गेली. मात्र शनिवारी घाणा बंद ठेवण्याचा नेम त्यांनी सोडला नाही. म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. मुलाची आठव्या दिवशी सुंता करणे, खवले व पर नसलेला मासा न खाणे, आणि देव एकच आहे हे सांगणारी 'शमा' नावाची लहानशी प्रार्थना म्हणणे, एवढेच काय ते उरले होते. सणांची मूळ नावेही विसरली गेली होती. ते 'नव्याचा सण', 'खिरीचा सण', 'बिरड्याचा रोजा' अशा कोकणी घरगुती नावांनी पाळीत.

पुढे दाविद रहाबी नावाचा एक विद्वान आला, त्याने या तेल्यांना ओळखले, आणि त्यांच्यातील तिघांना धर्मविधी शिकवून लोकांना शिकविण्यास नेमले, असे त्यांची परंपरा सांगते. त्याचा काळ कोणता याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. परंतु कथेचे मर्म स्पष्ट आहे. आपल्याला येत नाही, हे या लोकांनी कबूल केले आणि ते शिकावयास बसले.

मुंबईचे पहिले मंदिर बांधणारे सामुएल इझिकेल दिवेकर हे कंपनीच्या फौजेतील शिपाई होते. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून आल्यावर कृतज्ञतेपोटी त्यांनी हे मंदिर उभारले, अशी कथा आहे. मंदिर उभे राहिले तरी शिकविणारे हवेत. ते एकोणिसाव्या शतकात कोचीनहून आले. त्याच सुमारास ख्रिस्ती मिशनऱ्यांनीही शाळा काढल्या. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठी वाचकांसाठी हिब्रूचे व्याकरण छापले. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता, हे उघड आहे. बेने इस्राएलांनी त्यांच्याकडून व्याकरण घेतले, मराठीतील जुना करार घेतला, आणि त्यांतील बहुतेक जण आपल्याच धर्मात अधिक जाणतेपणाने राहिले. ज्ञान ज्याच्याकडे असेल त्याच्याकडून घ्यावे, निष्ठा मात्र आपली आपण ठरवावी, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

यानंतर त्यांनी केलेली गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. त्यांनी धर्म मराठीत आणला. वल्हांडणाच्या रात्री घरोघर वाचावयाचा 'हग्गादा' हा ग्रंथ १८४६ साली मुंबईत मराठी भाषांतरासह छापला गेला, आणि १८७४ साली पुण्यास त्याची सचित्र आवृत्ती निघाली. मिसर देशातील गुलामगिरीतून आपले पूर्वज कसे सुटले, याची कथा या ग्रंथात आहे. ही कथा सांगण्याची रीत पाहा. वडील माणूस आपण होऊन प्रवचन सुरू करीत नाही. घरातील सर्वांत लहान मूल प्रथम प्रश्न विचारते, की आजची रात्र इतर रात्रींहून वेगळी का? मुलाने विचारल्यावर मग बाप सांगू लागतो. १८८० च्या सुमारास त्यांनी आपल्या कीर्तनाची रीत उचलून बायबलातील योसेफ, अब्राहाम यांची आख्याने मराठीत लावली. १८७५ साली हाईम सामुएल किहीमकरांनी मुंबईत इस्राएली मुलांसाठी शाळा काढली. तीच पुढे सर एली कदुरी हायस्कूल म्हणून नावारूपास आली, आणि रिबेका रूबेन या विदुषीने दीर्घकाळ तिचे मुख्याध्यापकपद भूषविले.

हे सर्व मी प्रथम पुस्तकात वाचले होते. काही वर्षांपूर्वी एका खटल्याच्या कामासाठी पुण्यास मुक्काम पडला असता, शनिवारी सकाळी मी लष्कर भागातील 'लाल देवळा'त गेलो. विटांच्या उंच मनोऱ्याचे हे मंदिर १८६७ साली पुरे झाले. २००८ च्या मुंबई हल्ल्यात यहुद्यांच्या नरिमन हाऊसवरही घाला पडल्यापासून अशा ठिकाणी कडक पहारा असतो. ओळखपत्र तपासले गेले. परंतु दाराच्या आत पाऊल टाकताच एका वृद्ध गृहस्थांनी डोक्यावर ठेवण्यास टोपी दिली आणि अस्खलित मराठीत विचारले, "कुठून आलात?" मी नांदेड म्हणताच त्यांनी मला शेजारी बसविले आणि पोथीचे पान उघडून दिले. मी सवयीने टिपणवही काढली, तेव्हा ते हळूच म्हणाले, "वकीलसाहेब, शनिवारी आम्ही लिहीत नाही. आज फक्त ऐका."

मग बराच वेळ काहीच झाले नाही. सामुदायिक प्रार्थनेस तेरा वर्षांवरील किमान दहा पुरुष लागतात, आणि आले होते नऊ. मी धरून दहा होत होते. परंतु पाहुणा त्या दहांत धरला जात नाही. शेवटी दहावा माणूस घाईघाईने आला, तेव्हा कपाट उघडून चर्मपत्रावर हाताने लिहिलेली तोराची गुंडाळी बाहेर काढली गेली. मोशेचे पाच ग्रंथ दर आठवड्याला थोडे थोडे असे वर्षभरात वाचून पुरे करावयाचे आणि लगेच पहिल्या ओळीपासून पुन्हा आरंभ करावयाचा, असा त्यांचा क्रम आहे. गुंडाळीत स्वरचिन्हे नसतात, म्हणून आधी अभ्यास केल्यावाचून वाचता येत नाही. वाचणाराचा एक उच्चार चुकला. तोच बाकावरच्या एका मुलाने मोठ्याने शुद्ध उच्चार सांगितला, आणि त्या वयोवृद्ध वाचकाने निमूटपणे तो शब्द पुन्हा वाचला. कोणी त्या मुलाकडे डोळे वटारून पाहिले नाही. युरोपातील यहुदी आपल्या प्रार्थनामंदिरास 'शाळा' या अर्थाचा शब्द का वापरतात, याचा उलगडा मला त्या क्षणी झाला. प्रार्थना संपल्यावर मनुकांच्या रसाचा पेला माझ्याही हाती आला, आणि ते गृहस्थ म्हणाले, "आता काय विचारायचं ते विचारा. प्रश्न न विचारता कोणी गेलं, तर आम्हांला चुकल्यासारखं वाटतं."

वाचकहो, हे चित्र रम्य आहे, पण येथेच थांबलो तर मी आपणांस अर्धेच सत्य सांगितले असे होईल. स्वागत करणे ही एक गोष्ट आणि मोजणे ही दुसरी. परधर्मीय पाहुण्यास दहांत धरले नाही, याचा विषाद मला नाही. तो त्यांच्या धर्माचा नियम आहे. परंतु आपल्याच माणसांना न मोजण्याचा दोष याही समाजाला चुकला नाही. बेने इस्राएलांत 'गोरे' आणि 'काळे' असे दोन भेद होते. मिश्र विवाहांतून जन्मलेल्यांना 'काळे' म्हणत आणि त्यांच्याशी रोटी-बेटी व्यवहार करीत नसत. कोकणच्या मातीतील जातिभेद यहुद्यांच्या घरातही शिरला होता. आणि ज्यांनी हा भेद पाळला, त्यांच्याच वाट्याला तो उलटूनही आला. बगदादहून आलेले श्रीमंत यहुदी बेने इस्राएलांना कमी लेखीत. १८३६ साली मुंबईतील बगदादी यहुद्यांनी सरकारकडे मागणी केली, की सामाईक दफनभूमीत मध्ये भिंत घालावी. मेलेल्यांतही भिंत! पुण्याचे लाल देऊळ बगदादी डेव्हिड ससून यांनी बांधविले, तर बेने इस्राएलांना रास्ता पेठेत आपले वेगळे मंदिर उभारावे लागले. काळाचा न्याय असा, की बगदादी घराणी बहुतेक परदेशी निघून गेली, आणि आज लाल देवळात प्रार्थनेस जमतात ते प्रामुख्याने मराठी बोलणारे बेने इस्राएलच.

वकील या नात्याने मला यापुढील इतिहास विशेष भावतो. हा समाज अपमान गिळून बसला नाही. रंगूनच्या प्रार्थनामंदिरात त्यांना समान हक्क नाकारले गेले, तेव्हा ते न्यायालयात गेले, आणि १९३५ साली रंगूनच्या उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. पुढे हजारो बेने इस्राएल नव्या इस्राएल राष्ट्रात गेले. तेथील मुख्य धर्मपीठाने १९६२ साली असे निर्देश काढले, की यांच्याशी विवाह लावण्यापूर्वी त्यांच्या पूर्वजांची, शक्य तितक्या मागच्या पिढीपर्यंत, चौकशी करावी. जातपडताळणीसाठी आजोबा-पणजोबांचे दाखले शोधीत तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजविणाऱ्या आपणांस यातील बोच समजावून सांगावयास नको. १९६४ च्या उन्हाळ्यात या मराठी माणसांनी बायकामुलांसह जेरुसलेममध्ये ठाण मांडले. ऑगस्टमध्ये तेथील संसदेने ते सर्वार्थाने समान यहुदी असल्याचे जाहीर केले, आणि धर्मपीठास निर्देशातून त्यांचे नाव वगळावे लागले. धर्माच्या दारात उभे राहूनही हक्क मागावा लागतो, आणि तो मागण्याने धर्मनिष्ठा उणी होत नाही, हा यातील धडा.

दिल्लीच्या यहुदा हयाम मंदिराचे उदाहरणही घ्या. ते १९५६ साली, म्हणजे आपल्या दीक्षेच्याच वर्षी, उभे राहिले. तेथील प्रार्थनेची धुरा दीर्घकाळ वाहणारे इझिकेल आयझॅक मळेकर हे मूळचे पुण्याचे मराठी गृहस्थ, आणि पेशाने वकील. जुन्या नियमाप्रमाणे स्त्रिया दहांत मोजल्या जात नाहीत. मळेकरांनी मात्र त्यांना मोजावयास आरंभ केला. टीका झाली, पण ते ढळले नाहीत.

आता आपल्याकडे वळू. बाबासाहेबांचा आग्रह होता, की प्रत्येक बौद्धाने दर रविवारी विहारात जावे. आपल्या कित्येक वस्त्यांतील विहार जयंतीस उघडतात, वैशाख पौर्णिमेस उघडतात, धम्मचक्र प्रवर्तनदिनी उघडतात, आणि एरवी कुलुपात असतात. आपण वंदना पाठ म्हणतो, पण तिच्या पाली शब्दांचा अर्थ किती घरांत मुलांना सांगितला जातो? म्हणून माझी सूचना साधी आहे. रविवारचा एक तास ठरवा. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातील थोडा भाग दर आठवड्यास मोठ्याने वाचा, पुरा झाला की पुन्हा पहिल्या पानापासून. वाचन आळीपाळीने करा, त्यात मुलींचाही पाळीने हक्क ठेवा. चूक दाखविणाऱ्या मुलास गप्प बसवू नका. प्रश्न प्रथम सर्वांत लहानास विचारू द्या. आणि दुसऱ्या पोटजातीतून नुकतीच दीक्षा घेतलेले कुटुंब आले, तर त्याला मागे नव्हे, शेजारी बसवा. आपल्यात कोणी 'आधीचे' आणि कोणी 'नंतरचे' बौद्ध असे भेद करू लागला, तर त्याला ती दफनभूमीतील भिंत आठवून द्या.

महाराष्ट्रात यहुदी आता थोडे उरले आहेत. २०१६ साली राज्य शासनाने त्यांना अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली, परंतु कित्येक मंदिरांत शनिवारी दहा माणसे जमविणे कठीण जाते. तरीही ते दहाव्याची वाट पाहत बसतात. आपल्या वस्तीत दहा काय, शंभर माणसे सहज जमतील. तेव्हा येत्या रविवारी किल्ली कोणाकडे आहे, एवढे विचारून विहाराचे कुलूप काढा.